रॉबर्ट बर्ड : सिनेटची चावी ज्याच्या कनवटीला होती

जुना कारकून

मागे दुसऱ्या एका धाग्यावर अमेरिकी बजेटचा विषय चालू होता. डेमोक्रॅट्सकडे बहुमत असूनही २०२१ मध्ये १५ डॉलर किमान वेतनाची तरतूद विधेयकातून का गळाली, असं कोणीतरी विचारलं. 'बर्ड रूल' एवढं उत्तर आलं आणि मंडळी पुढच्या विषयाकडे वळली. हा बर्ड कोण ते कोणी विचारलंच नाही. माणूस भलताच नमुनेदार आहे, म्हणून स्वतंत्र धागा काढतोय.

रॉबर्ट सी. बर्ड, वेस्ट व्हर्जिनियाचा डेमोक्रॅट. ३ जानेवारी १९५९ ला सिनेटर झाला आणि २८ जून २०१० ला वयाच्या ९२ व्या वर्षी वारला तेव्हाही सिनेटरच होता. सिनेटमध्ये इतका काळ आजवर कोणीच काढलेला नाही. आयझेनहॉवर ते ओबामा, ११ अध्यक्ष त्याच्यासमोरून गेले. त्याआधीची ६ वर्षं प्रतिनिधिगृहात, म्हणजे काँग्रेसमध्ये एकूण ५७. (एकूण कारकिर्दीचा विक्रम २०१३ मध्ये मिशिगनच्या जॉन डिंगेलने मोडला. सिनेटचा अजून बर्डच्याच नावावर आहे.)

जन्म १९१७ चा, नॉर्थ कॅरोलायनात. जन्मनाव कॉर्नेलियस कॅल्व्हिन सेल. १९१८ च्या फ्लूच्या साथीत आई गेली, तेव्हा पोर जेमतेम वर्षाचं. आत्या आणि तिच्या नवऱ्याने दत्तक घेतलं, नाव बदललं आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसा पट्ट्यात आणलं. नवा बाप खाणकामगार. घर खाण कंपनीचं, किराणाही कंपनीच्याच दुकानातून. शाळेत पहिला आला, पण १९३४ ची मंदी; कॉलेजला पैसे कुठले? मग पेट्रोल पंपावर काम, वाणसामानाच्या दुकानात काम, खाटिककाम, युद्धाच्या काळात गोदीत वेल्डिंग. फिडल मात्र फर्मास वाजवायचा. १९४६ मध्ये राज्याच्या विधिमंडळाची पहिली निवडणूक लढला ती फिडल वाजवत फिरूनच.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असतं, आणि अनेकदा तेवढंच माहीत असतं. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला याने आपल्या भागात कू क्लक्स क्लॅनची (काळ्यांचा द्वेष करणारी गोऱ्यांची गुप्त संघटना) शाखा काढली. दीडेकशे माणसं जमवली, प्रमुखही तोच झाला. क्लॅनच्या एका बड्या पदाधिकाऱ्याने 'तुझ्यात पुढारीपण आहे' म्हणून पाठ थोपटली आणि तिथे राजकारणाचं डोक्यात शिरलं, हे आत्मचरित्रात त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. काळ्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून मी सैन्यात कधी लढणार नाही, असं त्याने १९४४ मध्ये मिसिसिपीच्या सिनेटर बिल्बोला कळवलं होतं. १९४६ मध्ये क्लॅनच्या म्होरक्याला पत्र: संघटनेची आज कधी नव्हे इतकी गरज आहे. १९५२ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या प्रचारात ते पत्र बाहेर आलं. स्वपक्षाचा गव्हर्नरच माघार घे म्हणाला. गड्याने घेतली नाही, आणि निवडूनही आला.

खासदार झाल्यावर रात्रीच्या वर्गांना बसून वकिलीचा अभ्यास सुरू केला. १० वर्षांनी, १९६३ मध्ये, पदवी हातात पडली. ती द्यायला समोर अध्यक्ष केनेडी उभे होते. पुढच्याच वर्षी केनेडींनीच मांडायला लावलेलं नागरी हक्क विधेयक सिनेटमध्ये आलं आणि त्याविरुद्ध हा गृहस्थ ९ जूनच्या संध्याकाळपासून १० जूनच्या सकाळपर्यंत १४ तास १३ मिनिटं बोलत राहिला. भाषण संपल्यावर लगेच चर्चाबंदीचा ठराव ७१ विरुद्ध २९ मतांनी पास झाला. रात्र वाया.

बर्डवरची चर्चा नेहमी क्लॅन आणि पश्चात्ताप या दोनच खुंट्यांभोवती फिरते. मला त्याचा आणि नियमपुस्तकाचा संबंध जास्त महत्त्वाचा वाटतो. सिनेट रोज चालते ती एकमताच्या करारांवर. कोणती दुरुस्ती किती वाजता, कोणाला किती मिनिटं, हे सगळं 'कोणाची हरकत?' असं विचारून ठरतं. शंभरातला एक जण 'हरकत' म्हणाला की गाडं अडलं. अशा सभागृहात कोणती हरकत कुठे चालते, तिच्यावर उतारा काय आणि पूर्वी कोणी काय निर्णय दिला होता हे ज्याला तोंडपाठ, त्याच्या दारात सगळ्यांना यावंच लागतं. जॉर्जियाचे ज्येष्ठ सिनेटर रिचर्ड रसेल यांनी तरुण बर्डला नियम शीक म्हणून सांगितलं. बर्ड शिकला आणि मग सहकाऱ्यांची बारीकसारीक कामं करत सुटला: तुमची दुरुस्ती संध्याकाळी घेतो, तुमचं विमान आहे ना, मग मतदान आधी लावतो.

त्याचं फळ २१ जानेवारी १९७१ ला मिळालं. पक्षाच्या प्रतोदपदी टेड केनेडी बसलेले. घराण्याचं वलय, देशभर नाव. पण १९६९ च्या चॅपाक्विडिक अपघातानंतर त्यांचं कामाकडे लक्ष नव्हतं. बर्ड उभा राहणार की नाही हे शेवटपर्यंत गुलदस्त्यात. त्याच्या खिशात रसेलच्या मताचं मुखत्यारपत्र होतं, आणि ते रसेल जिवंत असेतोवरच चालणार होतं. रसेल रुग्णालयात अखेरच्या घटका मोजत होते. रसेल अजून जिवंत आहेत असा निरोप आला, तेव्हाच बर्डने नाव पुढे केलं. ३१ विरुद्ध २४. केनेडी पडले. काही तासांनी रसेल गेले.

१९७७ ते १९८१ आणि पुन्हा १९८७ ते १९८९ तो बहुमताचा नेता होता. यातला एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. फेब्रुवारी १९८८. निवडणूक खर्चाचं विधेयक रिपब्लिकनांनी अडवून धरलेलं. गणपूर्ती होऊ नये म्हणून ते सभागृहातून गायब झाले. बर्डने जुनं कलम उकरून काढलं आणि गैरहजर सिनेटरांना पकडून आणायचा हुकूम सार्जंट अ‍ॅट आर्म्सला दिला. एक जण कॉरिडॉरमधून पळून गेला. ओरेगनचे बॉब पॅकवुड आपल्या कचेरीत दार लावून बसले होते. दार ढकलताना त्यांच्या बोटाला लागलं. मग मी स्वतःहून चालणार नाही म्हणाले, तर मध्यरात्र उलटल्यावर रक्षकांनी त्यांना उचलून, पाय पुढे करून, सभागृहात आणलं. विधेयक काही पास झालं नाही. चर्चाबंदीचे ८ प्रयत्न फसले.

आणि आता तो नियम. अर्थसंकल्पी 'रीकन्सिलिएशन' विधेयकाला (जमाखर्चाचा मेळ घालणारं विधेयक) सिनेटमध्ये फिलिबस्टर, म्हणजे न संपणाऱ्या चर्चेने अडवणूक, करता येत नाही, साध्या बहुमतात ते निघतं. म्हणून १९८० च्या दशकात जो तो त्यात आपलं घोडं दामटायला लागला. बर्डने १९८५ मध्ये पाचर मारली: ज्या तरतुदीचा जमाखर्चाशी संबंध नाही, किंवा असला तरी निव्वळ आनुषंगिक आहे, तिच्यावर कोणीही सिनेटर हरकत घेऊ शकतो आणि ती हरकत मोडायला ६० मतं लागतात. १९९३ मध्ये क्लिंटनना आपली आरोग्य योजना याच वाटेने न्यायची होती. स्वतःच्या पक्षाचा अध्यक्ष. बर्डने नाही म्हणून सांगितलं.

२००२-०३ चा इराक, २००९ मधलं ओबामाकेअर यावर प्रतिसादांत बोलूच.

काथ्याकूट

क्लॅनचा शाखाप्रमुख आणि त्याच्यावर कौतुकाचा धागा. चालू द्या.

मेरीलँडची माई

छान लेख. आम्ही इथून दोन-अडीच तासांवर राहतो, वेस्ट व्हर्जिनियात नेहमी जाणं होतं. तिथे रस्ता, पूल, धरणाचा बांध, शाळा, आरोग्य केंद्र, कोर्टाची इमारत, काहीही घ्या, पाटीवर 'रॉबर्ट सी. बर्ड'. मुलं गाडीत पाट्या मोजायचा खेळ खेळायची. चार्ल्सटनला राज्याच्या कॅपिटॉलमध्ये त्यांचा पुतळा आहे, तोही ते हयात असतानाच बसवलेला!

१९८९ मध्ये बहुमताच्या नेत्याचं पद स्वतःहून सोडून ते विनियोजन समितीचे (सरकारी खर्चाला पैसे मंजूर करणारी समिती) अध्यक्ष झाले. माझ्या राज्याचा अब्ज डॉलरचा उद्योग मीच होणार, असं म्हणाले होते, आणि करून दाखवलं. एफबीआयचं बोटांच्या ठशांचं केंद्र क्लार्क्सबर्गला नेलं. आपल्यापैकी ज्यांनी ग्रीनकार्डसाठी बायोमेट्रिक दिलंय त्यांच्या ठशांची तपासणी तिथेच होते, बरं का. समुद्राचं दर्शनही नसलेल्या राज्यात तटरक्षक दलाची कचेरी आणली. १९९१ मध्ये सीआयएच्या कचेऱ्या न्यायचाही घाट घातला होता, तो मात्र फसला.

वॉशिंग्टनची वर्तमानपत्रं त्यांना यावरून झोडपायची. पण त्या डोंगरदऱ्यांत एकदा गाडी चालवून बघा. खाण बंद पडली की गावात उरतं काय? तिथली म्हातारी माणसं 'सिनेटर बर्ड' म्हणतात तेव्हा आवाज बदलतो.

चिकित्सक

माई, गावात उरतं काय हा प्रश्न बरोबर, पण ५० वर्षं एवढा पैसा आणूनही राज्य देशातल्या सर्वांत गरीब राज्यांत का राहिलं, हेही विचारायला हवं. इमारती आल्या. कोळशाला पर्याय आला का? कोळशाने बदलायला हवं, हे बर्डने उघडपणे लिहिलं ते डिसेंबर २००९ मध्ये, म्हणजे मरणाच्या जेमतेम ७ महिने आधी. एप्रिल २०१० मध्ये त्याच्याच राज्यात अपर बिग ब्रांच खाणीत स्फोट होऊन २९ माणसं मेली.

आता मूळ मुद्दा. धागाकर्त्याने क्लॅनचा भाग लपवलेला नाही, त्याबद्दल धन्यवाद. पण पुढचा हिशोबही मांडा. १९६४ विरोधात. १९६५ चा मतदान हक्क कायदा, विरोधात. १९६७ मध्ये थर्गुड मार्शल यांची सर्वोच्च न्यायालयावरची नेमणूक, विरोधात. १९९१ मध्ये क्लॅरेन्स थॉमस, पुन्हा विरोधात. न्यायालयाचे पहिले दोन काळे न्यायाधीश आणि दोघांच्याही विरोधात मत देणारा एकमेव सिनेटर. (थॉमसच्या वेळी अनिता हिलने केलेल्या लैंगिक छळाच्या आरोपाचं प्रकरण होतं, मान्य.) माफी मागायला सुरुवात केली ती राष्ट्रीय पातळीवर नेतेपद हवं झालं तेव्हा. वारा फिरला तसा हा फिरला, एवढंच.

जुना कारकून

@काथ्याकूट, कौतुक कुठे दिसलं ते सांगा.

@चिकित्सक, १९७१ आणि १९७७ पर्यंत तुमचं पटतं. उत्तरेकडच्या उदारमतवादी सिनेटरांची मतं मिळवल्याशिवाय नेता होता येत नव्हतं आणि त्याने आपली मतदानं त्या बेताने वळवली. यात काही गूढ नाही. १९६८ च्या नागरी हक्क कायद्याला त्याने पाठिंबा दिला, १९८३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सुट्टीलाही.

पण वारा फिरेल तसं फिरणं हे शेवटच्या १० वर्षांना लागू होत नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये इराक युद्धाच्या ठरावावर ७७ विरुद्ध २३ मतदान झालं, त्या २३ मध्ये हा. हिलरी, केरी, बायडेन सगळे पलीकडे. १९६४ मध्ये व्हिएतनाम युद्धाची वाट मोकळी करणाऱ्या टोंकिनच्या आखाताच्या ठरावाला मत दिलं याची रुखरुख त्याने तेव्हा बोलून दाखवली. १२ फेब्रुवारी २००३ चं त्याचं भाषण इंटरनेटवर जगभर फिरलं: युद्ध तोंडावर आलंय आणि हे सभागृह भयाण शांत आहे. त्याचं राज्य काही युद्धविरोधी नव्हतं. बुशने २००० मध्ये ते जिंकलं होतं. त्याच वर्षी बर्डने सगळ्याच्या सगळ्या ५५ काउंट्या जिंकल्या होत्या, तो भाग वेगळा.

२००८ मध्ये तर कमाल. १३ मे ला वेस्ट व्हर्जिनियाच्या प्रायमरीत (अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक) हिलरीने ओबामांना ४० टक्क्यांहून जास्त फरकाने लोळवलं. आठवडा उलटायच्या आत बर्डने पाठिंबा जाहीर केला, ओबामांना. ९० वर्षांच्या माणसाला त्यातून कुठलं पद मिळणार होतं?

नातवाचं राहिलं. १९८२ मध्ये त्याचा किशोरवयीन नातू अपघातात गेला. आपल्याला हे दुःख होतं तसंच काळ्या आईबापांनाही आपल्या पोरांचं होत असणार, हा विचार तेव्हा मनात घर करून बसला, असं तो नंतर सांगायचा. वयाच्या पासष्टीला हे सुचावं यावर तुम्ही हसाल. मलाही थोडं हसू येतं.

चिकित्सक

हसत नाही. पण त्याला उशीर परवडला. ज्यांच्या मतदानाच्या हक्काविरुद्ध तो बोलत होता त्यांना परवडत नव्हता.

काथ्याकूट

+१

रेडिओलहरी

धागा राजकारणाचा आहे, तरी एक खगोलशास्त्रीय पिंक टाकतो. वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँकला साधारण ९० मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण होती. १५ नोव्हेंबर १९८८ ला रात्री पावणेदहाच्या सुमारास ती काही सूचना न देता कोसळली, सकाळी नुसता लोखंडाचा ढिगारा. विज्ञानाच्या नेहमीच्या रांगेत नवी दुर्बीण मिळायला किती वर्षं गेली असती कोण जाणे. बर्डने विनियोजन समितीतून ७.५ कोटी डॉलर मिळवून दिले. २००० मध्ये 'रॉबर्ट सी. बर्ड ग्रीन बँक टेलिस्कोप' उभा राहिला: १०० बाय ११० मीटरची तबकडी, हजारो टन वजन, पूर्ण फिरवता येणाऱ्यांत जगातली सर्वांत मोठी. सभोवती हजारो चौरस किलोमीटरचं रेडिओ शांतता क्षेत्र. दुर्बिणीजवळ डिझेलच्याच गाड्या चालतात, कारण पेट्रोलच्या गाडीतल्या स्पार्क प्लगच्या ठिणग्या दुर्बिणीला 'ऐकू' येतात.

आपला संबंध असा: खोडदच्या जीएमआरटीला (पुणे जिल्ह्यातली रेडिओ दुर्बीण) एनजीसी १८५१ या तारकागुच्छात जो पल्सर, म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओ लहरी सोडणारा तारा, सापडला, त्याचं पुढचं काटेकोर निरीक्षण ग्रीन बँकच्या दुर्बिणीने झालं. तेव्हा 'पोर्क' (आपल्या मतदारसंघासाठी ओढून नेलेला सरकारी पैसा) म्हणून सरसकट नाकं मुरडू नका.

टपोरी वकील

आपला संबंध निघालाच आहे तर ही घ्या दुसरी बाजू. 'बर्ड अमेंडमेंट'. ऑक्टोबर २००० मध्ये कृषी खात्याच्या विनियोजन विधेयकात गुपचूप घातलेली तरतूद. परदेशी मालावर लावलेलं अँटी-डंपिंग शुल्क (फार स्वस्तात ओतलेल्या मालावरचा जादा कर) सरकारी तिजोरीत न ठेवता ज्या अमेरिकी कंपन्यांनी तक्रार केली त्यांनाच वाटून टाकायचं! म्हणजे आधी शुल्काने परदेशी माल महाग, वर त्याच शुल्काचा चेक प्रतिस्पर्ध्याच्या खिशात. हे पोलाद उद्योगासाठी होतं हे उघड आहे. जागतिक व्यापार संघटनेत ११ सदस्यांनी दावा ठोकला, त्यात युरोप, जपान, कॅनडाबरोबर भारतही होता. जानेवारी २००३ मध्ये अपीलातही अमेरिका हरली.

शेवटी २००६ च्या फेब्रुवारीत तरतूद रद्द झाली. कशातून? तूट कमी करण्याच्या एका विधेयकातून, जे सिनेटमध्ये उपाध्यक्ष चेनींच्या निर्णायक मताने ५१-५० असं निघालं. आणि ते विधेयक होतं रीकन्सिलिएशनचं. बर्डची अमेंडमेंट रद्द करणारं कलम बर्डच्याच नियमाच्या चाळणीतून सहीसलामत पार झालं, कारण त्यात सरळ सरळ पैशाचा संबंध होता.

जुना कारकून

@टपोरी वकील, हे भारीच. यात भर घालतो. १९९६ मध्ये काँग्रेसने अध्यक्षाला बजेटमधली एखादीच ओळ खोडण्याचा अधिकार दिला. बर्डने त्याआधी १९९३ मध्ये याविरोधात रोमन सिनेटच्या इतिहासावर १४ भाषणं दिली होती. सीझरला अधिकार देऊन सिनेटनेच स्वतःचा गळा कसा कापला, हा सगळ्याचा सूर. कायदा झाल्यावर कोर्टात गेला, तर १९९७ मध्ये न्यायालयाने तुम्हाला दावा करण्याचा अधिकारच नाही म्हणून परत पाठवला. पुढच्या वर्षी दुसऱ्यांच्या दाव्यात कायदा घटनाबाह्य ठरला.

उंटावरचा

सगळं ठीक. पण नव्वदीच्या माणसाने विनियोजन समितीचं अध्यक्षपद सांभाळायचं? त्याची शेवटची वर्षं मी टीव्हीवर बघितली आहेत, हात थरथरत होते. पायउतार झाला तो २००८ संपता संपता, तोही सहकाऱ्यांची कुजबुज वाढल्यावर. ज्येष्ठतेनुसार पद द्यायची पद्धत असली की हेच होणार. त्याच्या राज्यालाही ती सोयीची, नवा माणूस पाठवला तर रांगेत शेवटी उभं राहावं लागतं. मग मतदार म्हातारबाबांनाच पाठवत राहतात. २००६ मध्ये ८८ व्या वर्षी नवव्यांदा निवडून दिला.

मेरीलँडची माई

उंटावरचा, हे मात्र पटलं. आमच्या ओळखीतल्या तिथल्या एक बाई नेमकं हेच म्हणायच्या, की बर्ड गेले की आम्हाला कोण विचारणार.

पण २४ डिसेंबर २००९ ची सकाळ आठवते. बाहेर बर्फ, आरोग्य विधेयकाला एकही मत कमी पडून चालणार नव्हतं. त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. नाव पुकारल्यावर म्हणाले, हे माझा मित्र टेड केनेडीसाठी, आणि मग 'आय'. टेड केनेडी ऑगस्टमध्येच गेले होते. ज्यांना १९७१ मध्ये पाडलं तेच.

नवखा वाचक

पहिलाच प्रतिसाद. बर्ड रूलखाली तरतूद बसते की नाही हे नक्की कोण ठरवतं? पीठासीन अधिकारी की मतदान?

जुना कारकून

स्वागत आहे. सिनेटचा एक 'पार्लमेंटेरियन' नावाचा अधिकारी असतो, निवडून न आलेला. दोन्ही पक्षांचे कर्मचारी विधेयक घेऊन त्याच्यासमोर बसतात आणि एकेका कलमावर वाद घालतात. याला तिथे 'बर्ड बाथ' म्हणतात. त्याचा अभिप्राय पीठासीन अधिकाऱ्यावर तांत्रिकदृष्ट्या बंधनकारक नाही, पण सहसा डावलत नाहीत. २०२१ मध्ये किमान वेतन एलिझाबेथ मॅकडोनो यांच्या अभिप्रायाने गळालं. उपाध्यक्षांनी तो डावलावा म्हणून पक्षात ओरड झाली, डावलला नाही. २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या कर विधेयकातलीही बरीच कलमं याच न्हाणीघरात गेली. तेव्हा ओरडणारे दुसऱ्या पक्षाचे होते.

काथ्याकूट

'बर्ड बाथ'. बरं. म्हातारा मेला तरी विधेयकं धुवायचं सोडत नाही.